आगमन: चार ते सहा

आमच्याकडे उतरायला येणाऱ्या माणसाने बेल एकदाच वाजवावी. दाराशेजारी मी तसं स्वच्छ अक्षरात लिहून लावलं आहे, आणि तरी सगळं जग दोनदा वाजवतं. पहिली बेल होते तेव्हा मी स्वयंपाकघरात असते, हात ओले असतात आणि गुडघे साठीच्या पुढचे असतात. मी निघालेली असते हो! तेवढ्यात दुसरी. दुसरी बेल म्हणजे ‘आत कुणी जिवंत आहे का’ असं विचारणं. मी दार उघडते, हसते, ‘या’ म्हणते; पण तो पाहुणा माझ्या मनातून पहिल्याच पायरीवर उतरलेला असतो.

मुलगी लग्न होऊन गेली, मी पोस्टातून निवृत्त झाले, तेव्हा वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. त्या आम्ही प्रवाशांना द्यायला लागलो. रात्रीचा मुक्काम आणि सकाळचा नाश्ता, एवढंच. नाश्ता आमचे हे करतात. ह्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. ते बंद केल्यापासून हातांना काम हवं म्हणून अंडी फेटतात. बाकी सगळं माझ्याकडे, म्हणजे चादरी, टॉवेल आणि नियम.

एकतीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीमागे बसले. खिडकी पाचला बंद म्हणजे पाचला बंद. पाच वाजून एक मिनिटाने पंतप्रधान आला असता तरी त्याला मी उद्या या म्हटलं असतं. त्यामुळे लोक म्हणतात मला नियमांचं वेड आहे. वेड नाही. माझ्या प्रत्येक नियमामागे एकेक हाडामांसाचा माणूस उभा आहे.

आगमन चार ते सहा, हा पहिला नियम. त्यामागे एक नवराबायको आहेत. सकाळी अकराला आले. माझ्या डोक्याला फडकं, हातात झाडू, जिन्यात बादली. ‘तुमचं चालू द्या, आम्ही बसतो इथेच,’ म्हणाले आणि सोफ्यावर बसले. मी झाडत गेले तसे दोघं पाय वर घेत गेले. मधेच त्या बाईंनी सोफ्याखालचं एक बटण मला बोटाने दाखवलं. चाकांची बॅग जिन्यावरून उचलून न्यावी, हा तिसरा. त्यामागे एक प्राध्यापक आहेत. सतरा पायऱ्या, सतरा टवके. स्वयंपाकघरात येऊ नये, हा चौथा, त्याची गोष्ट मी सांगणार नाही, कारण ती सांगताना अजून माझा आवाज चढतो.

आणि सातवा नियम असा आहे: हे घर आपलंच समजू नये.

हा वाचून लोक दचकतात. पण सुरुवातीला आमचे हे प्रत्येकाला ‘आपलंच घर समजा’ म्हणायचे. एका विमा एजंटाने ते समजून घेतलं. सकाळी मी खाली आले तर तो ह्यांच्या सपाता घालून, फ्रीज उघडा टाकून, दारात पेपरवाल्याशी वाद घालत होता. उद्यापासून दुसरा पेपर टाक म्हणून त्याला सांगतही होता. त्या दिवशी दुपारी मी सातवा नियम टाईप करून आणला.

तर अशी सगळी शिस्त लागलेली असताना मागच्या मंगळवारी फोन वाजला.

“तुमच्याकडे एक खोली मिळेल का? एकच माणूस, एकच रात्र.”

मी पेन उचललं आणि तसंच धरून राहिले. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. चौतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस फोनवरसुद्धा शेवटच्या बाकावरच्या प्रवाशाशी बोलल्यासारखा बोलतो. माझा दादा. सख्खा, थोरला, एकुलता एक. आणि नऊ वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

‘दादा’ म्हणायला काय लागत होतं? मी म्हणाले, “कोणत्या तारखेला?”

“येत्या शुक्रवारी. शनिवारी दुपारी अडीचची बस आहे विमानतळाची. तुमच्या घरासमोरूनच जाते म्हणे.”

म्हणे! त्या मार्गावर अकरा वर्षं ह्यानेच बस चालवली.

“पुढे कुठे जाणं?” हे मी सगळ्यांनाच विचारते.

“मुलाकडे. समुद्रापलीकडे. आता तिकडेच.” मग जरा थांबून, “इकडचं घर आवरलं. परतीचं तिकीट काही काढलेलं नाही.”

मी वहीत शुक्रवारखाली दोनदा रेघ मारली. तोंडाने मात्र मी म्हणाले, “आगमन चार ते सहा.”

“फोन करूनच यायची पद्धत आहे ना तुमच्याकडे? म्हणून केला.”

“हो. तशी पद्धत आहे.”

“चांगली पद्धत आहे, मॅडम.”

आणि फोन ठेवला. मॅडम! मला सायकल ह्याने शिकवली. माझ्या पहिल्या दाताला दोरा बांधून दाराला ह्याने अडकवला. मला आयुष्यभर ‘भिंगरी’ म्हणत आला, आणि आता मॅडम. वहीत नावाच्या जागी मी ‘एक प्रवासी’ असं लिहिलं आणि पेन इतकं दाबलं की खालच्या पानावरही उमटलं.

नऊ वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. दादाची आयुष्यभराची खोड अशी की तो कुठेही न कळवता जायचा. फोन नाही, चिठ्ठी नाही. बस जिथे थांबेल तिथे उतरायचं आणि जवळच्या नातेवाइकाचं दार वाजवायचं. रिकाम्या हाताने मात्र कधी आला नाही. कधी टोपलीभर लिंबं, कधी कुठल्याशा गावच्या बाजारातला कोंबडा, एकदा तर चक्क दोन पायांचं स्टूल, तिसरा पाय पिशवीत. लोकांना तो आला की आनंद व्हायचा. मलाही व्हायचा. फक्त तो अर्ध्या तासाने व्हायचा. आधीचा अर्धा तास मी भांडी आपटत असायचे.

त्या दिवशी घराला रंग चालला होता. सगळं सामान मधोमध, वर चादरी, मला ताप, ह्यांच्या पाठीत उसण. बेल वाजली, दोनदा. दार उघडलं तर दादा, वहिनी, मुलगा, मुलाचे दोन मित्र, आणि सगळ्यांच्या मागे एक सायकल. दादाचा चेहरा नुसता फुललेला. आणि मी, हातात रंगाचा ब्रश, सगळ्यांसमोर म्हणाले, “फोन करून यायला काय झालं होतं?”

शब्द साधेच आहेत. पण माझा आवाज कसा होता ते मला माहीत आहे. दादा हसला, म्हणाला, “चुकलं. पुढच्या वेळी फोन करू.” आणि चौघांना आणि सायकलीला घेऊन पायऱ्या उतरला. मला वाटलं कोपऱ्यावरून परत येईल. आला नाही. मी फोन करायचा म्हटलं, तर फोन तो करणार होता ना, तसंच म्हणाला होता. म्हणून मी त्याच्या फोनची वाट पाहत बसले, आणि तो बहुतेक माझ्या. चार वर्षांपूर्वी वहिनी वारली तेव्हा मी शोकसभेला गेले, मागच्या खुर्चीवर बसले, तो पुढच्या खुर्चीवर बसला होता. मी त्याची पाठ पाहिली आणि परत आले. ह्याची मला लाज वाटते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्याकडे तर दोन सुंभ.

म्हणजे पुढच्या वेळी फोन करू म्हणाला होता, तो त्याने केला. नऊ वर्षांनी, पाहुणा म्हणून, आणि शेवटचा. शनिवारी अडीचच्या आत मी तोंड उघडलं नाही, तर ह्या जन्मी ते राहूनच जाणार होतं. हे मला मंगळवारी कळलं होतं, बुधवारीही कळत होतं, आणि शुक्रवारी सकाळी चादरीला तिसऱ्यांदा इस्त्री करतानाही कळत होतं.

“तोच येणार आहे,” मी ह्यांना सांगितलं.

“कोण?” हे अंड्यांची टोपली पुसत होते.

“तोच.”

“हं,” हे म्हणाले. एवढ्या मोठ्या बातमीला नुसतं हं! तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शुक्रवारी दुपारी एक पन्नासच्या बसमधून तो उतरला. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. केस सगळे पांढरे झालेले, खांदे मात्र तेच, दार अडवणारे. एक सूटकेस. हातात दुसरं काही नाही. माझं लक्ष पहिल्यांदा तिकडेच गेलं, काही नाही ह्याकडे.

त्याने घराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि समोरच्या बसथांब्यावरच्या बाकावर बसला. सूटकेस शेजारी उभी केली. हात मांडीवर ठेवले.

“अगं, आला की,” हे मागून म्हणाले.

“दोनसुद्धा वाजलेले नाहीत.”

“मग?”

“आगमन चार ते सहा.”

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते किल्ली आत तुटलेल्या कुलपाकडे पाहतात. पण मी का बोलवायचं? तो येऊन बेल वाजवू शकत नव्हता? नऊ वर्षांपूर्वी ज्याला वेळकाळ नव्हती तो आज घड्याळ बघत बसला होता, आणि ते मला दाखवायला बसला होता. मुद्दाम! माझ्या खिडकीसमोर!

अडीचला बाकावरची सावली सरकली. पावणेतीनला त्याच्या गुडघ्यांवर ऊन आलं. तो जागचा हलला नाही. एक बस आली, थांबली. ड्रायव्हरने ओळखून हाक मारली, दादाने हात केला, बस गेली. तीनला ऊन छातीवर आलं. मी उशांचे अभ्रे काढले आणि परत घातले.

“बसथांब्यावरच्या माणसाला पाणी द्यायचं नाही, असा काही नियम आहे का?” ह्यांनी विचारलं.

“थांबा रस्त्याचा आहे, माझा नाही. तिथे कुणी काही करावं.”

हे तांब्या-पेला घेऊन गेले. त्यांच्या मागोमाग मी दारापर्यंत गेले आणि म्हणाले, “ही छत्री पण न्या. त्या बाकावर जो कोण बसलाय त्याला द्या.”

दादाने छत्री उघडली. माझीच होती, जांभळी, कडेला झालर असलेली. ती डोक्यावर धरून एवढा थोरला माणूस एक तास बसला. येणारे जाणारे वळून पाहत होते. मी खिडकीत उभी होते, तो खाली बसला होता, आणि आम्ही दोघंही घड्याळाकडे बघत होतो. माझ्या पोस्टातल्या भिंतीवरच्या घड्याळानेसुद्धा मला कधी इतकं छळलं नव्हतं.

चार वाजले. बेल वाजली. एकदाच.

“या,” मी दार उघडून म्हणाले. “आपलं स्वागत आहे. प्रवास ठीक झाला?”

“ठीक झाला, मॅडम. आपली छत्री. झालर शाबूत आहे.”

त्याने बूट काढले. जोडीने ठेवले, टाचा भिंतीला, अगदी दुसऱ्या नियमाप्रमाणे. सूटकेस उचलली, चाकं जमिनीला लागू दिली नाहीत. मी त्याच्याकडे पाहत होते आणि तो माझ्या खांद्यावरून भिंतीवरच्या पाटीकडे पाहत होता. इतका आदर्श पाहुणा मला पाच वर्षांत मिळाला नव्हता, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आमच्या बाहेरच्या खोलीतून आत जाताना एक ठेंगणी चौकट आहे. तिच्यापलीकडे उजवीकडे जिना, डावीकडे स्वयंपाकघर. माझ्या लग्नानंतर दादा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा तिथे डोकं आपटून टेंगूळ घेऊन गेला. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं तो त्या चौकटीखालून न बघता, बोलता बोलता वाकून जायचा. आमचे हेसुद्धा अजून कधीतरी आपटतात, पण दादा नाही.

मी पुढे होते. नेहमीप्रमाणे म्हणणार होते, “डोकं सांभाळा.” पण त्याला काय सांगायचं, म्हणून नाही म्हटलं.

धाडकन आवाज आला.

मी वळले. दादा कपाळावर हात धरून उभा होता. वाकला नव्हता. मुद्दाम वाकला नव्हता, मी लिहून देते.

“लागलं?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“असू दे. नवखा माणूस आहे मी, मॅडम. मला काय माहीत इथे चौकट ठेंगणी आहे.”

मागे आमचे हे खोकले, की हसले, देव जाणे. माझ्या मनात आलं, धावत जाऊन बर्फ आणावा. आणि मनात आलं, दुसऱ्या बाजूनेही आपटावं ह्याचं. दोन्हीतलं काहीच न करता मी त्याला वर नेलं. गरम पाण्याचा नळ डावीकडचा, असं सांगितलं. तो नळ त्यानेच बसवून दिलेला. “वा,” तो म्हणाला, “डावीकडचा. लक्षात ठेवतो.”

मग तो दाराच्या आतल्या बाजूला लावलेले नियम वाचायला लागला. मोठ्याने नाही, पण त्याचं हळू म्हणजे इतरांचं मोठ्याने. सातव्यापाशी थांबला.

“हे घर आपलंच समजू नये,” त्याने वाचलं. “बरोबर आहे. लोक समजतात.”

“ते एका विमा एजंटासाठी आहे,” मी म्हणाले.

“नियम सगळ्यांना सारखे हवेत, मॅडम.”

मी खाली आले आणि ह्यांच्यावर उगाचच ओरडले.

संध्याकाळी मी तीन वेळा वर गेले. आधी जास्तीचा टॉवेल घेऊन. “दोन आहेत, नियमात दोनच दिलेत,” तो म्हणाला. मग उशी घेऊन. मग काहीच सुचेना म्हणून विचारलं, “खिडकीतून वारा येतो का?”

“येतो.”

“मग बंद करायची का?”

“नको. वाराच हवा होता.”

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं. दार अर्धं उघडं होतं. सूटकेस पलंगावर उघडी होती, आणि तिच्यात शर्टांवर वहिनीचा चष्मा ठेवलेला होता, घराशिवाय, उघडा. तो पाहून मी बोलणारच होते. खरंच बोलणार होते. पण त्याने विचारलं, “नाश्ता आठ ते नऊ ना?” आणि मी हो म्हटलं आणि उतरले.

सकाळी बरोबर आठला तो टेबलावर हजर. अंघोळ केलेला, कपाळावर निळं टेंगूळ. ह्यांनी अंडी दिली, टोस्ट दिले, चहा ठेवला. मी साखरेचं भांडं त्याच्यासमोर सरकवलं. दादा चार चमचे साखर घेतो, लहानपणापासून. एकदा तर आईने भांडं लपवून ठेवलं होतं. पण ह्यांनी ते भांडं उचललं आणि सहज बाजूला ठेवलं. दादाने तसाच चहा प्यायला सुरुवात केली.

मी ह्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

“तो साखर घेत नाही हे तुम्हाला कसं माहीत?”

“अंदाज.”

“अहो!”

हे कढई घासत राहिले. “दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी बंद केली.”

“कुणी सांगितलं?”

“त्यानेच. महिन्यातून एकदा भेटतो आम्ही. डेपोच्या कँटीनमध्ये.”

“कधीपासून?”

“नऊ वर्षं.” कढई पालथी घातली. “तू तोंडाला कुलूप लावलंस म्हणून मीपण लावायचं का? माझा धंदाच कुलपं उघडायचा होता.”

म्हणजे दर महिन्याला ‘पितळेचा तुकडा बघून येतो’ म्हणून जायचे, ते हे! दुकान बंद होऊन पाच वर्षं झाली, तरी पितळ बघायला जात होते, आणि मी डबा देत होते! मला राग यायला हवा होता. तो आला, पण नेहमीसारखा चढेना.

“काय म्हणतो तो?” मी विचारलं.

“दर वेळी एकच विचारतो. ‘भिंगरी कशी आहे?’” ह्यांनी हात पुसले. “मी म्हणतो, फिरतेय. तो म्हणतो, बरं.”

मी ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची आत सरकवल्याचा. उठताना खुर्ची आत सरकवावी, हा सहावा नियम आहे.

दहाला खोली सोडायची. दहाला पाच कमी असताना तो खाली आला, सूटकेस हातात, चाकं अधांतरी. चौकटीपाशी पुन्हा वाकला नाही. ह्या वेळी हळू आला म्हणून लागलं नाही, फक्त केस घासले. किल्ली वाटीत ठेवली. मी अभिप्रायाची वही पुढे केली, कारण ती मी सगळ्यांपुढे करते. त्याने खिशातून आपला चष्मा काढला, दोन ओळी लिहिल्या, वही मिटली, बूट घातले.

आता. मी स्वतःला सांगितलं, आता. दार उघडं होतं, तो उंबऱ्यावर होता, आणि एकतीस वर्षांची खिडकीवरची बाई पुढे होऊन म्हणाली, “पुन्हा या.”

दादा वळला. पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. “फोन करून येईन,” म्हणाला, आणि गेला.

मी वही उघडली. सगळे पाहुणे लिहितात तसंच होतं: ‘खोली स्वच्छ. चादरींना उत्तम इस्त्री. नाश्ता चांगला.’ आणि खाली, त्याच्या त्या रस्ताभर धक्के खाल्लेल्या अक्षरात: ‘सातवा नियम पूर्णपणे पाळला. तोच जड गेला.’

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

“कुठे गेला?” मी ओरडले.

“जाणार कुठे?” हे खिडकीतून म्हणाले. “साडेचार तास आहेत बसला. बाकावर बसलाय.”

मी निघाले. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात ह्यांची सपाता, हे मला रस्त्याच्या मधोमध कळलं. हातात अजून ओलं फडकं होतं. एका रिक्षावाल्याने काहीतरी सुनावलं, ते त्याचं बरोबरच असणार. बाकापाशी पोचले आणि दादासमोर उभी राहिले. काय बोलायचं त्याची नऊ वर्षं तयारी केलेली होती. वाक्यं पाठ होती, दोन-तीन तर फार चांगली होती. त्यातलं एकही आलं नाही.

“मी आलेय,” मी म्हणाले.

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. फडक्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे बघत, सावकाश, प्रत्येक शब्द माझाच, म्हणाला, “फोन करून यायला काय झालं होतं?”

अगदी माझ्या आवाजात. ब्रश तेवढा हातात नव्हता. आणि ते ऐकायला कसं वाटतं ते मला नऊ वर्षांनी, बसथांब्यावर, दोन वेगळ्या चपलांत उभं राहून कळलं. मी रडायला लागले. रडायचं नव्हतं, रस्त्यावर तर नाहीच.

“चुकलं रे,” मी म्हणाले. “त्या दिवशी माझं चुकलं, दादा. वहिनीच्या वेळीपण चुकलं.”

त्याने सूटकेस बाकावरून उचलली आणि खाली ठेवली.

“बस, भिंगरे,” तो म्हणाला. “मी सायकल देणार होतो तुला त्या दिवशी. तुझी जुनी, लहानपणची. रंगवून आणली होती.”

“मला वाटलं मुलाची असेल.”

“त्याला लेडीज सायकल कशाला देऊ मी?”

मी रडता रडता हसले, आणि नाक ओल्या फडक्याला पुसलं, जे ओटा पुसायचं होतं. त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि आपला रुमाल दिला. एक बस येऊन गेली.

“चल घरी,” मी म्हणाले.

“दहा वाजून गेलेत. खोली सोडली मी. पाचवा नियम.”

“खोलीत कोण बोलवतंय तुला? घरी चल म्हणाले. आणि बस चुकली तर चुकली. उद्याही असते ती, तूच चालवायचास.”

तो उठला. सूटकेस मी घेतली, आणि चाकांवरून खडखड ओढत रस्ता ओलांडला, पायऱ्यांवरूनसुद्धा. दारात आमचे हे उभे होते. त्यांनी नुसतं बाजूला होऊन वाट दिली. दादाने बूट काढले, एक इकडे पडला, एक तिकडे.

“चहा टाकतो मी,” तो म्हणाला. “ह्यांचा चहा म्हणजे गरम पाणी. नऊ वर्षं कँटीनमध्येसुद्धा पाणीच मागवतात.” बोलता बोलता पुढे झाला. मी मागे होते. डोकं सांभाळ म्हणून सांगावं असं एकदा मनात आलं, पण मी गप्प राहिले.

ठेंगण्या चौकटीपाशी तो न बघता वाकला, आणि सरळ स्वयंपाकघरात गेला.